गाडी नंतर बांधा, आधी एक चाक मोजा

पत्र: आम्ही चौघे इचलकरंजीचे, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून इलेक्ट्रिक गाडीचं छोटं मॉडेल करतोय. ॲक्रिलिकची चेसिस, चार पिवळ्या बीओ मोटरी (प्लास्टिक गिअरच्या छोट्या मोटरी), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरीला करंट देणारं मॉड्यूल), आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), ब्लूटूथ मॉड्यूल आणि ९ व्होल्टची बॅटरी असा संच आहे. गाडी मोबाइलवरून पुढे-मागे जाते. पण चारही मोटरी एकदम सुरू केल्या की उनो रीसेट होतो, आणि जरा चढ आला की वेग पडतो. गाइड सर म्हणतात, "हे रिमोटचं खेळणं झालं, यात कंट्रोल सिस्टिम कुठे आहे?" आम्हाला वेग स्थिर ठेवून दाखवायचा आहे आणि रीजनरेटिव्ह ब्रेकिंगही (ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळवणं) दाखवायचं आहे. सहा आठवडे आणि साधारण ५,००० रुपये हातात आहेत. काय बदलावं?

उत्तर:

सरांचं म्हणणं बरोबर आहे. तुमची गाडी काहीच मोजत नाही. मोबाइलवरून आकडा येतो, तो ड्यूटी सायकल (किती टक्के वेळ वीज चालू ठेवायची ते) म्हणून मोटरीला जातो आणि तिथेच काम संपतं. चढ आला, बॅटरी उतरली, चाक अडकलं, तरी उनोला त्याचा पत्ता नसतो. हवं ते आणि प्रत्यक्ष मिळालं ते यांतला फरक मोजून सुधारणारी साखळी असेल, तरच त्याला कंट्रोल सिस्टिम म्हणता येतं.

म्हणून चेसिस पाच आठवडे कपाटात ठेवा. प्लायच्या फळीवर एक मोटर, एक चाक, ड्रायव्हर आणि सेन्सर बसवा. पळत्या गाडीच्या मागे मल्टिमीटर घेऊन धावता येत नाही. फळीवर मात्र तोच प्रयोग तासाभरात पन्नास वेळा करता येतो, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलता येते.

आधी रीसेटचं बघू. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरसारख्या कमी करंटच्या उपकरणांसाठी असते, तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. बीओ मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटताना प्रत्येकी पाऊण ते एक अँपिअर मागते. चार मिळून तीन-चार अँपिअर झाले की ९ व्होल्ट क्षणात पाच-सहावर येतात. ड्रायव्हर मॉड्यूलवरच्या ५ व्होल्ट रेग्युलेटरला किमान सातेक व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की उनोचा पुरवठा कोसळतो आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. कोड कितीही बदला, हा दोष जाणार नाही.

चढावर वेग पडण्यात एल२९८एनचाही वाटा आहे. त्यात जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. १ अँपिअरला १.८ ते ३.२ व्होल्ट त्यातच जळतात, म्हणून हीटसिंक तापतो. लोड वाढला की करंट वाढतो, करंट वाढला की ड्रायव्हर आणखी व्होल्ट खातो, म्हणजे गरज असते तेव्हाच मोटरीला कमी मिळतं. त्याजागी मॉस्फेटचा (कमी व्होल्ट खाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) बीटीएस७९६० ड्रायव्हर घ्या. हा ५.५ ते २७ व्होल्टवर चालतो आणि २५ किलोहर्ट्झपर्यंत पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवणं) झेलतो. मॉड्यूलवर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. तेवढा करंट ना त्या पीसीबीच्या पट्ट्या झेलतात, ना तुमच्या वायरी.

पुरवठ्यासाठी तीन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये घ्या. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, सरासरी ११.१. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर "९,९०० एमएएच" छापलेले स्वस्त सेल दिसतील, ते घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास संपते. चांगल्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या पुढे असतं, त्यामुळे सोनाराचा छोटा काटा इथे कामाला येतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल वापरू नका. एक कमजोर सेल बाकी दोघांनाही घेऊन जातो.

सेलवर थेट सोल्डर करू नका. होल्डर वापरा किंवा दुकानातून स्पॉट वेल्डिंग करून घ्या. ३एस बीएमएस (तीन सेलच्या पॅकचं संरक्षण करणारा बोर्ड) बसवा आणि पॅकच्या पॉझिटिव्हला अगदी लागूनच गाडीत असतो तसला ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज घाला. बीएमएस सेलला बऱ्याचदा २.५ व्होल्टपर्यंत उतरू देतो, ते फार खोल आहे. म्हणून ३० आणि १० किलोओहमचा डिव्हायडर लावून पॅकचा व्होल्टेज उनोने वाचायचा आणि ९.६ व्होल्टला मोटर बंद करायची. ही तुमच्या गाडीची पहिली खरी सुरक्षा-अट. चार्जिंग १२.६ व्होल्टच्या लिथियम चार्जरनेच करा, समोर कोणीतरी असताना. रात्रभर लावून ठेवू नका.

उनोला वेगळ्या बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलने) ५ व्होल्ट द्या. मोटरीचा करंट ब्रेडबोर्डवरून कधीही नेऊ नका. मोटरीच्या पुरवठ्याचा निगेटिव्ह आणि उनोचा निगेटिव्ह एकाच ठिकाणी, ड्रायव्हरच्या टर्मिनलवर भेटू द्या. तो जोडायचा राहिला तर मोटर मनाला येईल तशी फिरते. मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर आणि ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर १,००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा.

आता मोटर. पिवळ्या बीओ मोटरीला २० खाचांची चकती लावून वेग मोजता येतो, असं सगळीकडे सांगतात. हिशेब करून बघा. १५० आरपीएम म्हणजे सेकंदाला अडीच फेऱ्या, म्हणजे ५० पल्स. कंट्रोल लूप २० मिलिसेकंदांचा ठेवला तर प्रत्येक वेळी हाती येतो एक पल्स. कधी शून्य, कधी दोन. त्या आकड्यांवर पीआयडी (चूक किती, किती साठली आणि किती वेगाने बदलतेय यावरून दुरुस्ती करणारी पद्धत) चालवला की मोटर हिसके देते आणि सगळे दोष केपी-केआय या त्याच्या गुणांकांना देतात. खरा दोष मोजमापाचा असतो.

त्यापेक्षा मागे हॉल एन्कोडर (चुंबकाच्या मदतीने फेऱ्या मोजणारा सेन्सर) असलेली १२ व्होल्टची २५ मिमी गिअर मोटर घ्या. मोटरीच्या एका फेरीला ११ पल्स आणि गिअर गुणोत्तर ३४ असेल, तर चाकाच्या एका फेरीला ३७४ पल्स होतात. ए आणि बी दोन्ही चॅनेलच्या दोन्ही कडा मोजल्या तर १,४९६. आता १५० आरपीएमला २० मिलिसेकंदांत जवळपास ७५ मोजण्या मिळतात, एका मोजणीची चूक सव्वा टक्क्याच्या आसपास राहते. पैशाची ओढाताण झाली तर बाकी कुठेही काटकसर करा, पण या मोटरीत नको.

उनोवर बाहेरचे इंटरप्ट (पल्स आला की चालू काम थांबवून तो मोजायला लावणारी सोय) फक्त २ आणि ३ या पिनांना आहेत, तिथे ए आणि बी जोडा. मोजणीचा आकडा चार बाइटचा असतो आणि उनो एका वेळी एकच बाइट उचलतो. वाचता वाचता मध्येच पल्स आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हातात येतो. वेगाच्या आलेखात अधूनमधून अशक्य उंच सुळका दिसला तर हेच कारण. वाचण्यापूर्वी इंटरप्ट बंद करा, आकडा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या, इंटरप्ट लगेच सुरू करा.

पीडब्ल्यूएमसाठी पिन ९ वापरा. उनो तिथे मुळात ४९० हर्ट्झ देतो, त्यामुळे मोटर चिरचिर आवाज करते आणि करंट खालीवर होतो. टायमर १ फेज-करेक्ट मोडमध्ये, प्रीस्केलर १ आणि कमाल मोजणी ४०० ठेवली की नेमके २० किलोहर्ट्झ मिळतात. ड्यूटी मग ० ते ४०० मध्ये लिहायची. टायमर ० ला मात्र हात लावू नका, मिलिसेकंदांचं घड्याळ त्यावरच चालतं. आणखी एक जागा जिथे मुलं हमखास अडकतात: स्टिअरिंगसाठी सर्वो लायब्ररी घेतली की ती टायमर १ ताब्यात घेते आणि ९, १० वरचा पीडब्ल्यूएम गुपचूप बंद पडतो. सर्वो लागलाच तर तो दुसऱ्या उनोवर ठेवा.

ड्रायव्हरच्या दोन्ही एनेबल पिना एकत्र करून उनोच्या एका पिनला जोडा आणि तिथून जमिनीला १० किलोओहम लावा. उनो रीसेट होताना त्याच्या पिना काही क्षण तरंगत्या असतात. हा रोध नसेल तर त्या क्षणी मोटर काय करेल याचा नेम नाही.

पीआय (म्हणजे डी वगळलेला पीआयडी) ट्यून करण्याआधी मोटरीला ओळखा. वेगाची दुरुस्ती न करता (ओपन लूप) ड्यूटी ० पासून १०-१० ने वाढवा आणि प्रत्येक ठिकाणी आरपीएम लिहा. सुरुवातीला एक टप्पा असा येईल की ड्यूटी वाढते पण चाक हलत नाही. हे घर्षणाचं मृत क्षेत्र. बाकीचा आलेख जवळपास सरळ रेषा असेल. त्या रेषेवरून "१५० आरपीएमला अंदाजे किती ड्यूटी" हे काढून थेट द्यायचं, पीआयने फक्त उरलेला फरक भरायचा. असं केलं की पीआयवर भार कमी पडतो आणि गुणांक शोधायला वेळ लागत नाही.

केपी ०.५ पासून सुरू करा. १५० आरपीएमची पायरी द्या आणि वेग डोलायला लागेपर्यंत वाढवत न्या. मग तो निम्मा करा. त्यानंतर केआय थोडा थोडा वाढवा, लोड लावल्यावर वेग अर्ध्या-एक सेकंदात परत जागेवर येईपर्यंत. डी ठेवू नका. एन्कोडरच्या मोजणीतली प्रत्येक उडी तो कित्येक पटींनी मोठी करतो. आउटपुट ४०० ला टेकलं की इंटीग्रल जमा करणं थांबवा. नाहीतर चाक हाताने धरून सोडल्यावर मोटर बराच वेळ बेफाम पळेल.

लोड लावताना बोटाने चाक दाबू नका, तो प्रत्येक वेळी वेगळा असतो. चाकाच्या शाफ्टवर २ सेंमी त्रिज्येची रीळ बसवा आणि दोरीला ३०० ग्रॅम वजन बांधून टेबलाच्या कडेवरून सोडा. दर वेळी बरोबर ०.६ किलो-सेंमीचा टॉर्क येतो. हाच तुमचा चढ.

आकडे लॅपटॉपवर नेताना सिरियलचा वेग १,१५,२०० ठेवा. ९,६०० वर सेकंदाला ९६० अक्षरंच जातात. २० मिलिसेकंदांनी ३० अक्षरांची ओळ छापली तर गरज १,५०० ची होते, बफर भरतो, लूप अडकतो आणि वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो. लूपमध्ये डिले कुठेही नको.

इथपर्यंत तीन आठवडे जातील आणि तेवढ्यावरही प्रोजेक्ट उभा राहतो. पण खऱ्या इलेक्ट्रिक गाडीत कंट्रोलचा मोठा भाग "चुकलं तर काय" याचा असतो, तो गाळू नका. मोबाइल बाजूला ठेवा, थ्रॉटल (वेग मागणारा ॲक्सिलरेटर) तारेने जोडलेला असू द्या. स्टिरिओ ॲम्प्लिफायरला लागतो तसा दुहेरी १० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर) घ्या, लिनिअर म्हणजे बी प्रकारचा. पहिल्या भागाच्या दोन्ही टोकांना १ किलोओहम लावा. सिग्नल ०.४ ते ४.६ व्होल्टमध्येच फिरेल, म्हणजे शून्य किंवा पाच व्होल्ट दिसले की वायर तुटली असं समजायचं. दुसऱ्या भागाला हेच, शिवाय वरच्या टोकाला आणखी १० किलोओहम, म्हणजे तो साधारण निम्म्या उताराने, २.५ व्होल्टपर्यंत चालेल. दोघांचे उतार वेगळे ठेवायचे, कारण दोन सिग्नल वायरी एकमेकींना चिकटल्या तर सारख्या उताराच्या सेन्सरमध्ये ते कळतच नाही.

दोन्ही आकडे टक्क्यांत आणा. फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त आणि १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ राहिला की एनेबल बंद. हा नियम फॉर्म्युला स्टुडंटच्या विद्यार्थी-स्पर्धांमधला आहे, आपल्याकडच्या फॉर्म्युला भारतमध्येही तो लागू असतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पॉटच्या पहिल्या भागाची वायर सर्वांसमोर उपसा आणि मोटर थांबलेली दाखवा.

पैसे उरले तर दुसरा उनो आणि दोन एमसीपी२५१५ कॅन मॉड्यूल (गाड्यांतल्या कंट्रोलरना दोन तारांवरून संदेश देणारी पद्धत) घ्या. थ्रॉटल एका उनोवर, मोटर दुसऱ्यावर. दर २० मिलिसेकंदांनी संदेश पाठवायचा, १०० मिलिसेकंद संदेश आला नाही तर मोटर बंद. हे मॉड्यूल "चालतच नाही" असं वाटण्याची कारणं बहुधा दोनच असतात. मॉड्यूलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि लायब्ररी १६ धरून चालते, क्रिस्टलवरचा आकडा वाचून कोडमध्ये तो द्या. दुसरं टर्मिनेशन, म्हणजे तारांच्या दोन टोकांवरचे रोध. पुरवठा बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात ओहम मोजा, ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा जंपर लावायचा राहिला आहे. मॉड्यूलची सिलेक्ट पिन उनोच्या ८ वर घ्या, १० मोटरीच्या उलट दिशेसाठी राहू द्या.

आता रीजनरेटिव्ह ब्रेकिंग. तुमची गाडी १.२ किलोची आणि वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर तिच्यात ऊर्जा ०.६ जूल. २,६०० एमएएचच्या तीन सेलच्या पॅकमध्ये १ लाखाहून जास्त जूल असतात. त्यातही गिअर घर्षणात बहुतेक सगळं खातो. म्हणून चालत्या मॉडेलवर "बॅटरी चार्ज होतेय" असं दाखवणं म्हणजे एलईडी लावून फसवणूक करणं आहे, ते करू नका. ऊर्जा नीट मोजता येईल असा वेगळा छोटा संच उभा करा.

लेथवर १२ सेंमी व्यासाची, ११ मिमी जाडीची पोलादी चकती कापून घ्या, वजन सुमारे १ किलो होईल. तुमच्या भागात हे काम करून देणारं वर्कशॉप शोधावं लागणार नाही. चकती स्वतःच्या शाफ्टवर, दोन बेअरिंगांमध्ये बसवा आणि मोटर कपलिंगने जोडा. मोटरीच्या ५ मिमी शाफ्टवर एक किलो लटकवू नका. १,५०० आरपीएमला या चकतीत २२ जूल साठतात. वर पत्र्याचं झाकण हवंच, आणि ते लावल्याशिवाय चालू करायचं नाही, ओढणी-केस-बाह्या सांभाळून.

मोटर ७७५ आकाराची, बिनगिअरची, पण १२ व्होल्टला ३,५०० आरपीएमच्या आसपासची घ्या. १०,००० आरपीएमवाली स्वस्त मिळते, ती इथे निरुपयोगी. मोटर जितकी वेगवान, तितका ठरावीक आरपीएमला तिचा बॅक-ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते तो व्होल्टेज) कमी. १,५०० ला ३,५०० वाली सुमारे ५ व्होल्ट देईल, १०,००० वाली दोनसुद्धा नाही.

परत आलेली ऊर्जा सुपरकॅपॅसिटरमध्ये घ्या. २.७ व्होल्ट, १० फॅरडचे तीन सिरीजमध्ये, प्रत्येकाला समांतर १ किलोओहम. एकूण ३.३ फॅरड होतात, ७.५ व्होल्टच्या वर नेऊ नका. रिकामा सुपरकॅपॅसिटर हा चार्जरच्या दृष्टीने शॉर्टच असतो, म्हणून करंट मर्यादा असलेल्या बक मॉड्यूलने, १ अँपिअरवर, शॉटकी डायोड आणि स्विचमधून भरा. डायोडमुळे ब्रेकचा करंट बकमध्ये उलटा शिरत नाही. बेंच सप्लाय थेट जोडून हा प्रयोग करू नका, बहुतेक सप्लाय करंट परत घेऊ शकत नाहीत आणि व्होल्टेज चढत जातो.

ड्यूटी पाच-सहा सेकंदांत हळूहळू वाढवून चकती १,५०० वर आणा. स्विच उघडा, कॅपॅसिटरचा व्होल्टेज लिहा, समजा ६.५. आता ब्रेक. इथे बहुतेक जण ड्यूटी एकदम शून्य करतात. चकती झटकन थांबते, पण व्होल्टेज हलत नाही. कारण शून्य ड्यूटीला बीटीएस७९६० मोटरीची दोन्ही टोकं खालच्या मॉस्फेटांतून एकत्र जोडतो आणि सगळी ऊर्जा वाइंडिंगमध्ये उष्णता होऊन जाते. ड्यूटी गुणिले पुरवठा हा व्होल्टेज बॅक-ईएमएफपेक्षा थोडा कमी ठेवला, तरच करंट उलटून कॅपॅसिटरकडे जातो. तो बॅक-ईएमएफच्या निम्मा असताना परत येणारी पॉवर सर्वांत जास्त असते, पण निर्माण झालेल्यातली अर्धी वाइंडिंगमध्येच जळते. ०.८ पट ठेवला तर ८० टक्के परत येते, पण ब्रेक सौम्य लागतो आणि मधल्या वेळात घर्षण आपला वाटा नेतं. म्हणून वेग उतरेल तशी ड्यूटीही उतरवत न्यायची. एन्कोडर नसल्यामुळे चकतीवर एक चुंबक आणि हॉल सेन्सर लावून वेग मोजा. किती पट ठेवल्यावर एकूण सर्वांत जास्त परत येतं, हे ०.५ ते ०.९ मध्ये पाच ठिकाणी करून शोधा. तुमच्या अहवालातलं हे सर्वांत मोलाचं पान होईल.

२२ पैकी ६ जूल परत आले तर ६.५ चे सुमारे ६.७७ व्होल्ट होतील, साधा मल्टिमीटर ते दाखवतो. करंटचा आलेख हवा असेल तर आयएनए२१९ कॅपॅसिटर आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसवा. तो उणे चिन्हासकट करंट देतो, मर्यादा ३.२ अँपिअर. बीटीएस७९६० च्या स्वतःच्या करंट पिना उलटा करंट दाखवत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका. तुलनेसाठी एकदा मोटर नुसती सोडून चकती आपोआप थांबायला किती सेकंद लागतात तेही मोजा, त्यातून घर्षण कळेल.

शेवटच्या आठवड्यात कपाटातली चेसिस काढा. चार बीओ मोटरींऐवजी मागे दोन एन्कोडर मोटरी, प्रत्येकीला वेगळा पीआय. उनोचे दोन इंटरप्ट आता दोन मोटरींत वाटावे लागतील, म्हणजे प्रत्येकीची एकच चॅनेल आणि मोजण्या निम्म्या. तेवढं चालतं, दिशा तुम्हाला आदेशावरून माहीत असतेच. दोन मोटरींचं आणि एक जास्तीच्या ड्रायव्हरचं बजेट बसत नसेल तर चेसिस सोडून द्या आणि फळीच घेऊन व्हायवाला जा. सोबत तीन आलेख छापून न्या: दुरुस्ती बंद असताना (ओपन लूप) ३०० ग्रॅम लावल्यावर पडलेला वेग, पीआय चालू असताना तोच लोड, आणि ब्रेकच्या वेळचा कॅपॅसिटर व्होल्टेज. प्रत्येक आलेखावर लोड किंवा ब्रेक लागल्याचा क्षण उभ्या रेषेने दाखवा आणि अक्षांवर एकक लिहायला विसरू नका.